आवाजाची किनार राखणारा कारागीर : गिल्बर्ट ब्रिग्ज

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या सभागृहातील जुन्या स्पीकरच्या पेटीने ऐनवेळी दगा दिला, ही गोष्ट बहुतेकांच्या स्मरणात असेल. आवाज बंद पडला असता तर एक वेळ परवडले असते. तो चालूच राहिला. पण त्यातील शब्द मात्र हरवले. आठवीच्या मुलींच्या नाटुकल्यातील सासूबाई मागच्या रांगांना ‘फाफूबाई’ ऐकू येऊ लागल्या आणि जेथे प्रेक्षकांनी डोळे पुसावेत अशी आमची अपेक्षा होती, तेथे ते खदखदून हसले. सासूचे काम करणारी मुलगी पडद्यामागे येऊन रडली. तिचे उच्चार तर दोन महिने तालीम करून घोटून घेतलेले होते. दोष तिचा नव्हता, हे त्या संध्याकाळी मला तिला पटवून देता आले नाही. कारण दोष कोठे आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

ही पेटी विलायती बनावटीची आहे. पूर्व आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या एका गोमंतकीय कुटुंबाने ती बोटीतून आपल्याबरोबर आणली आणि पुढे शाळेला दिली. संमेलनानंतर दहावीच्या काही मुलांनी तिची मागची फळी उघडली. आत कागदी शंकूचा एक मोठा स्पीकर होता आणि त्याच्या वर तळहातात मावेल एवढा दुसरा. मोठा ठणठणीत होता, धाकटा मूक झाला होता. या धाकट्याला ट्वीटर म्हणतात. इंग्रजीत पाखरांच्या चिवचिवाटाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. मोठ्याचे वूफर हे नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून. मी कला शाखेची पदवीधर. वीज म्हटले की माझी धाव दिव्याच्या बटणापलीकडे जात नाही. तरी मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपायी मला वाचावे लागले आणि वाचता वाचता यॉर्कशायरमधील एका गृहस्थाची गाठ पडली. त्याचेच चरित्र आज सांगावयाचे आहे.

गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज यांचा जन्म १८९० साली इंग्लंडच्या उत्तरेस, ब्रॅडफर्डजवळील क्लेटन या गावी झाला. ब्रॅडफर्ड म्हणजे त्या काळी लोकरीच्या व्यापाराची राजधानी. गिरण्यांच्या चिमण्या, लोकरीच्या गासड्या आणि धुराने काळवंडलेल्या दगडी भिंती, या वातावरणात हा मुलगा वाढला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि त्याची रवानगी जवळच्या हॅलिफॅक्स येथील अनाथ मुलांच्या वसतिशाळेत झाली. क्रॉसली आणि पोर्टर या दोन घराण्यांच्या नावे चालणारी ही संस्था शिस्तीची होती. अनाथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उपाशी मुले आणि निर्दय व्यवस्थापक उभे राहतात. कादंबऱ्यांनी आपल्याला ती सवय लावली आहे. ब्रिग्ज यांना तेथे शिक्षण नीट मिळाले, हे मात्र त्यांच्या पुढील लेखनाकडे पाहिल्यावर मान्य करावे लागते. स्वच्छ, नेमके आणि मिस्कील लिहिण्याची हातोटी शाळेच्या पायाशिवाय सहसा येत नाही.

शिक्षण आटोपल्यावर ते कापडाच्या व्यापारात शिरले आणि तारुण्याची सारी वर्षे त्यांनी त्याच धंद्यात घालविली. मन मात्र पियानोवर जडलेले होते. ते मोठे वादक नव्हते. पण पियानोचा स्वर कसा उठतो, कसा विरतो, एका पियानोचा नाद दुसऱ्याहून वेगळा का, याचा त्यांना विलक्षण ध्यास होता. त्यांच्या आयुष्यातील सर्व उलाढालीचे मूळ या ध्यासात आहे. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावताना सुताचा धागा केसभर सरकवून कान देणारा कारागीर असतो ना, त्याच जातीचा हा कान होता.

त्याच काळात घरोघर रेडिओ आला. आला खरा, पण त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून निघाल्यासारखा असे. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरला व्यवहार्य रूप दिले होते. याची रचना सोपी आहे. कागदाच्या शंकूच्या टोकाशी बारीक तारेचे वेटोळे चिकटविलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या चिंचोळ्या फटीत अधांतरी लोंबते. तारेतून आवाजाच्या बरहुकूम वीज वाहू लागली की वेटोळे पुढेमागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो आणि शंकू हवेला हलवितो. एवढेच. तत्त्व दोन वाक्यांत सांगता येते. पण कागद कोणता, शंकूची कड कशाने बांधायची, फट किती ठेवायची, लोहचुंबक किती जबर हवा, यांत आयुष्य सरते. ब्रिग्ज यांनी या स्पीकरशी घरी खटपट आरंभिली. ऐकावे आणि असमाधानी व्हावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. ज्याला खरा पियानो ठाऊक आहे, त्याला पेटीतला पियानो पटत नाही.

मग जागतिक मंदी आली. लोकरीचा व्यापार बसला, ब्रॅडफर्डच्या गिरण्या ओस पडू लागल्या. ब्रिग्ज यांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पदरी संसार होता, हाताला ठाऊक असलेला धंदा एकच आणि तो डोळ्यांदेखत बुडत होता. अशा वयात माणूस सहसा आहे ते धरून ठेवतो. या गृहस्थांनी १९३२ साली इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात स्पीकर तयार केला आणि त्यावर पोट भरण्याचे ठरविले. अभियांत्रिकीची पदवी नाही, भांडवल बेताचे आणि बाजारात मोठमोठ्या कंपन्या. मला विचाराल तर त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसाचा क्षण हाच होय. पुढे त्यांनी मोठी सभागृहे गाजविली, तिला या तळघराची सर नाही.

इल्कली हे गाव व्हार्फ नावाच्या नदीच्या खोऱ्यात वसले आहे. इंग्लंडच्या उत्तरेस खोऱ्याला ‘डेल’ म्हणतात. म्हणून कारखान्याचे नाव पडले व्हार्फडेल वायरलेस वर्क्स. आपण एखाद्या धंद्याला मांडवीचे किंवा झुआरीचे नाव द्यावे, तसेच हे. १९३३ साली ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीच्या वार्षिक स्पर्धेत त्यांनी आपले स्पीकर मांडले आणि पहिले व दुसरे अशी दोन्ही बक्षिसे त्यांनाच मिळाली. त्या यशाच्या जोरावर त्यांनी लहानसा कारखाना थाटला. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत वर्षाला सुमारे नऊ हजार स्पीकर विकले जाऊ लागले.

येथवर ही एका यशस्वी कारखानदाराची गोष्ट झाली. तशा पुष्कळ आहेत. ब्रिग्ज यांचे खरे कार्य युद्धानंतर सुरू होते आणि ते समजण्यासाठी आवाजाच्या उंच टोकाकडे थोडे वळले पाहिजे.

तरुण माणसाचा कान सेकंदाला वीस कंपनांपासून सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद टिपतो. माणसाच्या बोलण्याचा भरणा खालच्या भागात असतो. स्वर तेथेच राहतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने म्हणजे नुसता वाऱ्याचा फूत्कार. त्यांचा जीव तीन-चार हजार कंपनांच्या वर असतो. हा वरचा भाग कापला की ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांत मिसळतात. मराठी व कोंकणी बोलणाऱ्यांना तर याची किंमत अधिकच. कारण आपल्याकडे ‘चहा’ची सुरुवात आणि ‘चाक’ची सुरुवात एकाच अक्षराने लिहिली तरी उच्चाराने ती निराळी आहेत आणि तो फरकही याच उंच भागात राहतो. तबल्याच्या किनारीवरची बोटाची टणक थाप, झांजेचा झणत्कार, तंबोऱ्याच्या जवारीचा रेशमी धूर, ही सर्व तेथलीच मंडळी. आमच्या सासूबाई कोठे अडकल्या, हे आता ध्यानात आले असेल.

जुन्या रेडिओत आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांत हा उंच भाग मुळात फारसा नसेच. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात तो चार-पाच हजारांच्या आसपास संपे आणि त्याच्या वर असे ती केवळ खरखर. म्हणून स्पीकरनेही तो दाखविण्याची गरज नव्हती. किंबहुना न दाखविण्यातच शहाणपण होते. युद्धाने हे चित्र पालटले. समुद्राखालील पाणबुड्यांचे आवाज ओळखण्याच्या कामासाठी इंग्लंडच्या डेक्का कंपनीने अतिशय सूक्ष्म ध्वनिमुद्रण साधले आणि युद्ध संपता संपता तेच तंत्र संगीताच्या मुद्रिकांना लावले. या मुद्रिका चौदा हजार कंपनांपर्यंत जात. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली, १९५५ साली बीबीसीने अतिउच्च कंपनांच्या लहरींवर नियमित प्रक्षेपण सुरू केले. आता मजकूर आला होता. तो वाचून दाखविणारा मात्र हवा होता.

येथे निसर्गाची एक अडचण उभी राहते. पन्नास कंपनांच्या खर्ज नादाची लहर सुमारे सात मीटर लांब असते. दहा हजार कंपनांची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. खर्जासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. तो मोठा, म्हणून जड आणि जड वस्तू सेकंदाला दहा हजार वेळा डोलत नाही. जरी कशीबशी डोललीच, तरी मोठ्या शंकूतून निघालेला उंच नाद विजेरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो. बाजूला बसलेल्याच्या वाट्याला काहीच येत नाही. एकाच माणसाला मृदंग आणि बासरी एका वेळी वाजवायला सांगण्यासारखे हे आहे. मग दोन माणसे नेमावीत हे बरे. चित्रपटगृहांसाठी अमेरिकेत ही युक्ती युद्धापूर्वीच योजली गेली होती. पण ते कर्णे खोलीएवढे. ब्रिग्ज यांनी १९४५ साली खालच्या आणि वरच्या नादासाठी निरनिराळे एकक असलेला स्पीकर इंग्लंडात सिद्ध केला आणि पुढील वर्षांत त्याला घरातील संगीतप्रेमी माणसाच्या आवाक्यात आणले.

त्यांच्या ट्वीटरांपैकी ‘सुपर ३’ हा विशेष गाजला. तीन इंची कागदी शंकू आणि वेटोळे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे. तांबे विजेला अधिक चांगली वाट देते हे खरे. पण ॲल्युमिनियमचे वजन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उंच नादाला चपळाई हवी, म्हणून त्यांनी हलकेपणा निवडला. हा ट्वीटर काही पेट्यांत त्यांनी आढ्याकडे तोंड करून बसविला. प्रथमदर्शनी हे वेडेपणाचे दिसते. ऐकणारा समोर बसलेला असता छताशी का बोलावे? पण त्यामुळे उंच नाद झोतासारखा कानावर न आदळता खोलीभर शिंपडला जाई. पियानोचा नाद घरात असाच सर्व भिंतींवरून येतो, हे त्यांचा कान विसरला नव्हता.

पेटीच्या फळ्यांचाही त्यांना भारी राग. फळी स्वतः थरथरू लागली की तिचा नाद संगीतात मिसळतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा गवंड्याला शोभेल असा आहे. प्लायवुडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये फट ठेवून तीत कोरडी वाळू भरावयाची. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंप जागच्या जागी जिरतो. याहून पुढे जाऊन त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांची पेटी बांधण्याची कृती आपल्या पुस्तकात दिली. अशी पेटी मग घराबरोबरच विकावी लागणार, हा भाग वेगळा.

पुस्तकांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे थांबू. १९४८ साली त्यांनी लाउडस्पीकरवर एक लहानसे पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले. कारखानदार पुस्तक लिहितो तेव्हा ती बहुधा आपल्या मालाची जाहिरात असते. ब्रिग्ज यांनी मात्र स्पीकर कसा चालतो, कोठे फसतो, घरी पेटी कशी बांधावी, हे सर्व उघड करून टाकले. सामान्य वाचकाने सुतारकामाची हत्यारे घेऊन स्वतः उभे राहावे असा त्यामागे हेतू. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्या हातून एकामागून एक ग्रंथ बाहेर पडले. ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर एक, पियानो व पियानोवादकांवर एक, पेट्यांच्या बांधणीवर एक. १९६१ साली तर ध्वनिक्षेत्रातील समकालीनांची चरित्रेही त्यांनी एकत्र केली. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांची चरित्रे छापणारा कारखानदार मी तरी दुसरा ऐकला नाही.

आता त्या गाजलेल्या प्रयोगांकडे वळू. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रिग्ज यांनी एक जाहीर कार्यक्रम योजला. सभागृहात सुमारे तीन हजार माणसांची सोय. रंगमंचावर वादक आणि त्यांच्या शेजारी ब्रिग्ज यांचे स्पीकर. वादकाने वाजवावे, त्याच रचनेचे आधी घेतलेले मुद्रण स्पीकरने वाजवावे आणि श्रोत्यांनी दोहोंची तुलना करावी. ज्या वस्तूवर आपली भाकरी अवलंबून आहे, ती अस्सलाच्या शेजारी उभी करून हजारो लोकांना कौल मागणे, हा केवढा जुगार! तिकिटे हातोहात खपली. विद्युत्शक्ती पुरविणारे वर्धक यंत्र पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचे होते आणि त्यातील प्रत्येकाची शक्ती अवघी पंधरा वॉट. आजच्या लग्नमंडपातील हजारो वॉटच्या भिंती पाहिल्या की हा आकडा खोटा वाटेल. परंतु आवाज ऐकू जाणे आणि आवाजाने माणूस हादरणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यात एक खोच होती. सभागृहाला स्वतःचा घुमार असतो. मुद्रणातही घुमार असला आणि ते पुन्हा सभागृहात वाजविले, तर घुमारावर घुमार चढतो आणि नकलेचे बिंग फुटते. म्हणून अशा प्रयोगाला कोरडे मुद्रण लागते, म्हणजे वाद्य जवळून टिपलेले आणि खोलीचा नाद शक्य तेवढा वगळलेले. मग उरलेला घुमार ते सभागृहच पुरविते, जसे ते खऱ्या वाद्याला पुरविते. रंगमंचावर उभे राहून ब्रिग्ज हे सर्व स्वतः समजावून सांगत आणि त्यांची विनोदी वाणी लोकांना कार्यक्रमाइतकीच आवडे. १९५५ साली लंडनला पुन्हा प्रयोग झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ते आपली पेट्यांची बारदाने घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दाखल झाले. अनाथालयातून निघालेला, वयाची साठी केव्हाच उलटलेला हा गृहस्थ जगातील एका थोर संगीतमंदिराच्या रंगमंचावर उभा राहिला, तो गायक म्हणून नव्हे की वादक म्हणून नव्हे. तेथे बसलेल्या सर्वांना ती पेटी अगदी हुबेहूब वाटली असेल असे मला म्हणवत नाही. पण लोक आले, त्यांनी कान देऊन ऐकले आणि घरच्या पेटीकडून अधिक मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यांना उमगले.

१९५८ साली त्यांनी कारखाना रँक या मोठ्या उद्योगसमूहास विकला. त्यानंतरही काही वर्षे ते कामावर लक्ष ठेवून होते. त्यांच्या हाताखाली तंत्रविभाग सांभाळणारे रेमंड कुक १९६१ साली बाहेर पडले आणि केंट परगण्यात त्यांनी केईएफ नावाची स्वतःची कंपनी काढली. ट्वीटरच्या इतिहासाला येथे नवे वळण मिळते. कागदी शंकूच्या जागी आता घुमट आला. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५८ साली घुमटाकार ट्वीटर घरगुती स्पीकरमध्ये आणला होता. कुक यांच्या कंपनीने पुढे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे नाजूक घुमट केले आणि त्यांतील एक बीबीसीच्या छोट्या देखरेख-स्पीकरमध्ये बसून जगभर पोहोचला. घुमट शंकूपेक्षा लहान, त्यामुळे त्याचा नाद अधिक पसरतो आणि कंपनांची मजलही लांब. गुरूच्या तीन इंची कागदाला शिष्याच्या घुमटाने मागे टाकले, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या मुलांनाही हेच सुचले. जुना कागदी ट्वीटर मेला, तर त्या जागी नवा घुमट का बसवू नये? त्यांनी वर्गणी काढून एक आणला, तारा डाक लावून जोडल्या आणि मला ऐकायला बोलाविले. ‘स’ तर आला. परंतु असा की जणू साप फूत्कारतो आहे आणि गाणाऱ्याचा गळा मधूनच पोकळ झालेला. मुले हिरमुसली. कारण शोधता शोधता जे कळले, ते ब्रिग्ज यांच्या पुस्तकांनी त्यांच्या वाचकांना केव्हाच शिकविले होते. ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर नावाचा एक पहारेकरी असतो. जुनी माणसे त्याला कंडेन्सर म्हणतात. तो खालच्या जड नादाला अडवितो आणि उंच नादाला सोडतो. कोणत्या कंपनसंख्येपासून सोडावयाचे, हे त्याचे माप आणि ट्वीटरचा विद्युत्‌रोध या दोहोंवर ठरते. जुने इंग्रजी स्पीकर बहुधा पंधरा ओहमचे असत. त्यांना तीन हजार कंपनांवर तोडावयाचे तर साधारण साडेतीन मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरे. नवा ट्वीटर आठ ओहमचा. तोच कपॅसिटर तसाच ठेवला, तर सीमा तीन हजारांवरून साडेपाच हजारांच्या पुढे सरकते. मधला मुलूख बेवारस राहिला; गळा पोकळ झाला तो तेथे. आठ ओहमला त्याच सीमेसाठी सुमारे पावणेसात मायक्रोफॅरड हवेत. त्यातून जुना कपॅसिटर वर्षानुवर्षे सुकत जाऊन आपले माप सोडून बसलेला असतो, तो वेगळाच. शिवाय नवा ट्वीटर जुन्या वूफरपेक्षा मोठ्याने बोलत असेल, तर त्याच्या वाटेवर रोध घालून त्याचा आवाज बेताचा करावा लागतो. ट्वीटर मरतात ते बहुधा वयाने नव्हे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. लहान ताकदीच्या वर्धकाचे बटण पिळून पिळून आवाज वाढविला की नाद फाटतो. त्या फाटलेल्या नादात उंच कंपनांचा जो लोंढा येतो, तो ट्वीटरच्या केसासारख्या तारेला जाळतो. गेल्या संमेलनात ते बटण कोणी पिळले, याची चौकशी मी केलेली नाही. बहुधा ती मीच होते.

मुलांनी माप बदलले, रोध घातला आणि आता पेटी स्पष्ट बोलते. पण मला एक कबूल केले पाहिजे. ही पेटी ज्यांनी घडविली, त्यांनी वूफरचा कागद, पेटीची फळी आणि तो जुना ट्वीटर यांचा मेळ कानाने जमविला होता. नव्या घुमटाने अक्षरे परत दिली. जुन्या पेटीचा जो एक मऊ, सायीसारखा आवाज होता, तो मात्र थोडा दूर गेला. दहावीतला एक मुलगा म्हणाला की मेलेल्या ट्वीटरचे वेटोळे पुन्हा गुंडाळता येईल. मी त्याला तो कागदात बांधून कपाटात ठेवावयास सांगितला आहे.

ब्रिग्ज यांच्या अखेरच्या पुस्तकांपैकी एक १९६७ साली निघाले. विषय स्पीकर नव्हे, पियानो नव्हे, माणसाची श्रवणशक्ती. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. वय वाढते तशी कानाची मर्यादा वरून खाली उतरत जाते. साठीपुढे बहुतेकांना दहा-बारा हजार कंपनांच्या वरचे जग ऐकू येईनासे होते. पाखरांची चिवचिव सर्वांत आधी जाते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी तो उंच नाद पोहोचविला, त्याच्या स्वतःच्या कानातून तो असा हळूहळू निघून जाणार, हे निसर्गाचे माप. आणि त्या विषयाला त्यांनी तोंड चुकविले नाही, तर बाजूला बसून तो इतरांना समजावून दिला.

१९७८ साली, सत्याऐंशी वर्षांचे असताना, ते वारले. त्यांच्या कारखान्याचे मालक त्यानंतर अनेकदा बदलले. नाव मात्र त्या नदीचेच राहिले. वाळू भरलेल्या त्यांच्या पेट्या अजूनही काही हौशी माणसांच्या घरी आहेत. त्या उचलायला दोन माणसे लागतात.

या वर्षीच्या संमेलनात तेच नाटुकले पुन्हा ठेवले आहे. सासूचे काम त्याच मुलीकडे आहे.